वाचकांचे प्रश्न : सर्फिंग शिकायला वेलिगामाला जायचंय, पण कधी?

मागच्या अंकात श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाबद्दल लिहिलं होतं, तिथला अर्धचंद्रासारखा किनारा, तळाला वाळू, लाटा बेताच्या आणि म्हणून जगभरातले नवशिके तिथं सर्फिंग शिकायला येतात एवढाच विषय होता. त्यावर सातारा-सांगलीकडून एवढे प्रश्न आले की बरं वाटलं, कारण घाटावरच्या माणसांना समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याला दर्शन, गुडघाभर पाण्यात फोटो आणि संध्याकाळी परत एवढाच माहीत असतो असं लोक धरून चालतात. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत.

ताई नमस्कार. मुलगी यंदा बारावीला आहे, परीक्षा झाली की मे महिन्यात तिला वेलिगामाला सर्फिंग शिकवायला न्यायचं असं मी कबूल करून बसलोय. आम्ही तिघं, पाच-सहा दिवस. मी स्वतः लहानपणापासून माहुलीच्या संगमावर पोहलोय, पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात पण उड्या मारल्यात त्यामुळे पाण्याची भीती अशी नाहीच. मे चालेल ना? तिकीट आत्ता स्वस्त दिसतंय म्हणून घाई करतोय.
— एक वडील, शाहूपुरी, सातारा

दादा, तिकीट अजून काढू नका. हॉटेलं आणि तिकिटं त्या महिन्यात स्वस्त दिसतात कारण वेलिगामाचा सीझन तोवर संपलेला असतो.

आपल्याकडं पाऊस जूनमध्ये येतो, पण जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्याकडं पाऊस आणतो तोच त्याआधी श्रीलंकेच्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला भिडतो. मे महिन्यापासून तिथं वारा समुद्राकडून जमिनीवर येत राहतो, लाटा विस्कटतात, एकावर एक कशाही फुटतात, पाणी गढूळ होतं आणि शिकणाऱ्याला एक सरळ लाट मिळायची मारामार. नोव्हेंबर ते एप्रिल याच्या उलट असतं. वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, लाटेला समोरून अलगद धरून ठेवतो, त्यामुळे ती नीट उभी राहते आणि हळू फुटते. लाट स्वतः मात्र येते फार लांबून, खाली दक्षिण महासागरात वादळं होतात त्यांची ती लाट हजारो किलोमीटर चालत येते. म्हणून वेलिगामाला आकाश निरभ्र, वाऱ्याची झुळूक नाही आणि तरी लाट चालूच, हे बघून पहिल्यांदा माणूस चक्रावतो.

आता तुमचं गणित. बारावीचा लेखी पेपर मार्चमध्ये संपतो. मुलीला सीईटी किंवा नीट द्यायची नसेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जा, समुद्र चांगला असतो आणि नाताळची गर्दी ओसरलेली असते. फक्त 13-14 एप्रिलच्या आसपास जाऊ नका, तेव्हा सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं, दुकानं बंद, शिकवणारी पोरं आपापल्या गावी आणि बस-रेल्वेला आपल्या दिवाळीसारखी गर्दी. सीईटी असेल तर सरळ डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबा. मुलगी नाराज होईल, होऊ दे, पण तिथं जाऊन पाच दिवस खिडकीतून खवळलेलं पाणी बघत बसली तर जास्त नाराज होईल.

मे महिनाच हवा असेल तर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे आहे, पोट्टुविल गावाला लागून. तिथला सीझन बरोबर उलटा, मे ते सप्टेंबर. पण विमानतळापासून रस्त्यानं सात-आठ तास लागतात, आणि तिथली जी मुख्य प्रसिद्ध लाट आहे ती खडकाळ तळावर फुटते, ती नवशिक्यांची नाहीच. नवशिके तिथं बेबी पॉइंट, व्हिस्की पॉइंट, एलिफंट रॉक अशा बाजूच्या जागांवर शिकतात. पहिल्यांदाच परदेशात जाणाऱ्या तिघांना मी तो प्रवास सुचवणार नाही.

आणि आता ते माहुलीचं. दादा, तुमच्या पत्रातलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं म्हणून जरा लांब लिहिते. माझा भाऊ विहिरीत पाठीला डबा बांधून शिकला, नंतर कृष्णेत या काठावरून त्या काठाला जायचा, आमच्या गल्लीत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. कोकणात एका किनाऱ्यावर आम्ही सगळे गेलो होतो, तो छातीभर पाण्यात गेला आणि पाच मिनिटांत एवढा आत गेला की त्याचं डोकं लिंबाएवढं दिसायला लागलं. तो किनाऱ्याकडं तोंड करून जीव खाऊन हात मारत होता आणि जागचा हलत नव्हता. एका मच्छीमारानं होडी घालून त्याला काढला. नदीला ओढ असते ती एकाच दिशेनं, आपल्याला ती दिसते, आपण तिरके पोहतो आणि खाली कुठंतरी काठाला लागतो. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात आत जातं, त्यालाच रिप करंट म्हणतात. वाईट गोष्ट ही की वरून तो पट्टा शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस आणि मधे गडद, गुळगुळीत पाणी, आपल्याला वाटतं इथंच उतरावं.

त्यात सापडलात तर किनाऱ्याकडं पोहू नका, कितीही पट्टीचे असा दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा, तो पट्टा बऱ्याचदा अरुंद असतो, बाहेर पडलात की जिथं लाटा फुटतायत तिथून परत या. दम संपला तर पाठीवर पडून तरंगा आणि हात वर करा. बोर्ड, म्हणजे लाटेवर उभं राहायची ती फळी, पायाला बांधलेला असेल तर तो कधीही सोडायचा नाही, ती तुमची होडी आहे. हे मुलीला पाठ करून घ्या आणि तुम्ही पण करा. तुम्हाला पोहता येतं याचा फायदा नक्की आहे, नाकातोंडात पाणी गेलं तर तुम्ही घाबरणार नाही, पण पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही. विचारायचं काय, तर आज ओढ कुठं आहे. वेलिगामा इतर जागांपेक्षा सौम्य आहे म्हणूनच सुचवतेय, पण समुद्र तो समुद्र.

मी 44 वर्षांची आहे, पोहता येत नाही, चष्म्याचा नंबर चार आहे आणि तुमचा लेख वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय. मिस्टर म्हणतात या वयात काय हे. माझ्यासारखीनं विचार करावा का? आणि कपड्यांचं काय, खरं सांगायचं तर मला त्याचंच जास्त टेन्शन आहे.
— विश्रामबाग, सांगली

करावा आणि नुसता विचार नाही, तयारी करावी. मी स्वतः चाळिशीनंतरच शिकले.

कपड्यांपासून सुरू करते कारण बऱ्याच बायकांनी हेच विचारलंय, काहींनी नाव न घालता. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड घ्यायचा, तो पोहण्याच्या कापडाचा अंगाबरोबर असलेला टीशर्ट असतो, आणि खाली घोट्यापर्यंतची पोहण्याची लेगिंग. तिथं युरोपातून आलेल्या बायका पण हेच घालतात कारण बोर्डावर पालथं पडून पोट, मांड्या आणि गुडघे सोलवटतात आणि पाठ उन्हानं भाजते. कॉटनची सलवार किंवा ओढणी अजिबात नको, भिजली की जड होते आणि पायात अडकते. तिथं कोण कुणाकडं बघत नाही हो, सगळे आपापलं पडण्यात आणि उठण्यात गुंग असतात.

पोहणं. नवशिक्यांचे पहिले धडे कमरेएवढ्या पाण्यात होतात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसात, त्यामुळे न पोहणाऱ्यांनाही काही ठिकाणी घेतात. पण मी म्हणेन तसं जाऊ नका. तीन महिने आधी सांगलीतच स्विमिंग टँक लावा, चार स्ट्रोक यायची गरज नाही, दोन गोष्टी आल्या पाहिजेत, पाठीवर पडून निवांत तरंगता येणं आणि तोंड पाण्याखाली गेल्यावर न घाबरणं. एवढं आलं की बाकीचं तिथं जमतं.

चष्मा काढूनच पाण्यात जा. चार नंबरला लाट दिसते, शिकवणारा दिसतो, तेवढं पुरतं आणि लाट कधी घ्यायची ते सुरुवातीला तोच सांगतो, मागून बोर्ड तोच ढकलतो. चष्मा घालून गेलात आणि बोर्ड तोंडावर आला तर काच आणि डोळा दोन्हीची भीती. रूमवर दुसरा जोड ठेवा.

आता घरी करायचा सराव. बोर्डावर पालथं पडलेलं असताना एका झटक्यात दोन्ही पायांवर उभं राहायचं, सगळा खेळ त्या एका हालचालीचा आहे. तुम्ही सूर्यनमस्कार घालत असाल तर अर्धं काम झालंय, भुजंगासनातून हात टेकून एक पाय दोन्ही हातांच्या मधे आणायचा ती हालचाल आणि ही जवळजवळ सख्ख्या बहिणी. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला तो आपल्या सातारा जिल्ह्यातूनच, आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही सकाळी बारा नमस्कार घालतात, त्या शरीराला हे शिकायला जड जात नाही. फरशीवर चटई टाका, रोज वीस वेळा करा, हळूहळू एका दमात उभं राहता यायला लागेल. उभं राहिल्यावर गुडघे वाकलेले आणि नजर समोर, पायाकडं बघितलं की पडलंच. पडताना सपाट पडायचं, डोक्याभोवती हात, सूर मारायचा नाही कारण खाली पाणी कमी असतं. आणि बोर्ड कधी आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मधे आडवा धरायचा नाही, लाट तो उचलून सरळ अंगावर फेकते. माझी एक बरगडी महिनाभर दुखत होती ती याच चुकीनं.

शिकायला बोर्ड आठ-नऊ फुटी, मऊ फोमचाच मागा. देखणा, टोकदार, छोटा बोर्ड कुणी दिला तर नाही म्हणा. आणि एका शिक्षकाकडं किती जण ते आधी विचारा, दोन किंवा तीन ठीक. मी पहिल्यांदा जिथं गेले तिथं एकाकडं आठ जण होते, दोन तासांत माझ्या वाट्याला चार लाटा आल्या, दुसऱ्या दिवशी मी जागा बदलली.

गुडघ्याचं दुखणं किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. मिस्टरांना पण घेऊन जा.

स्वतःचा बोर्ड विकत घेऊन विमानातून न्यायचा विचार आहे. — वाई

नको. पहिल्या दोन-तीन ट्रिपला तिथं भाड्यानं मिळतो तोच बरा, आणि विमानात तो मोठ्या सामानात मोजतात.

ताई मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पासपोर्ट नाही, पैसे जेमतेम. आम्ही चार मित्र आहोत, सर्फिंग खरंच शिकायचंय, नुसतं रील काढायचं नाही. भारतात कुठं जाऊ? गोवा का?
— तासगाव

गोव्यात शिकवतात, पण तुमचं खरंच शिकायचंय हे वाक्य वाचून मी मुल्की सांगेन. कर्नाटकात, मंगळुरूच्या उत्तरेला, उडुपीकडून येताना लागतं. भारतातला पहिला सर्फ क्लब 2004 मध्ये इथंच सुरू झाला, आश्रमासारखा, आणि जवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर राष्ट्रीय सर्फिंग स्पर्धा झाल्यात. ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या एकत्र समुद्राला मिळतात, आपल्या कराडच्या प्रीतिसंगमाची आठवण येईल, फक्त पुढं अरबी समुद्र. नदीच्या मुखाशी पाण्याची ओढ फसवी असते म्हणून तिथं एकट्यानं उतरायचं नाही, वरच्या उत्तरात जे रिप करंटचं लिहिलंय ते वाचा.

ऑक्टोबर ते मे जा, त्यातही डिसेंबर-जानेवारीत लाटा लहान असतात, शिकायला तेच हवं. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्यांनी पाण्यात जायचंच नाही, मित्र कितीही म्हणू देत.

जायला सांगली किंवा मिरजेहून गोव्याची रेल्वे, बेळगाव, लोंडा करत मडगाव, आणि मडगावहून कोकण रेल्वेनं खाली, मुल्कीला स्टेशन आहे आणि ज्या गाड्या तिथं थांबत नाहीत त्या उडुपी किंवा सुरतकलला थांबतात. चौघं आहात म्हणून गाडी काढायचा मोह होईल, बेळगाव, हुबळी, अंकोला करून रस्ता आहे, घाटातून उतरताना सुंदर आहे, पण दिवसभर गाडी चालवून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाण्यात उतरायची ताकद राहत नाही. रेल्वेनंच जा. खायला नीर डोसा, गोळीबजे, मासे खात असाल तर विचारूच नका. भाषा तुळू आणि कन्नड, तुमच्या भागात कन्नड समजणारा एखादा मित्र असेलच, त्याला पाचवा म्हणून घ्या.

पाच दिवस ठेवा. तीन दिवसांत उभं राहता येतं आणि आपल्याला वाटतं आलं, चौथ्या दिवशी काहीच जमत नाही, पाचव्या दिवशी खरं कळायला लागतं. चौथ्या दिवशीच परतीचं तिकीट असलेली पोरं मी बघितलीत, फार वाईट वाटतं त्यांच्यासाठी.

आम्ही जानेवारीत वेलिगामाला जातोय, मी आणि बायको सर्फिंग करू पण बरोबर आई-बाबा आहेत, पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. त्यांच्या जेवणाचं काय आणि ते दिवसभर काय करतील?
— कराड

आई-बाबांना नेताय हे फार छान करताय. जेवणाचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथं लोक फसतात. श्रीलंकेत भात, डाळ आणि चार-पाच भाज्या असं ताट सगळीकडं मिळतं, फणसाची भाजी, बीट, शेवग्याच्या शेंगा, नारळाच्या दुधातली डाळ, बघून आपल्याला वाटतं शाकाहारीच तर आहे. पण उंबलकड नावाची वाळवलेल्या माशाची पूड ते लोक चवीला घालतात, विशेषतः ओल्या नारळाच्या चटणीत, तिला पोल सांबोल म्हणतात, आणि कधीकधी भाजीत पण. त्यांच्या दृष्टीनं तो मासा नाहीच, आपण हिंग घालतो तसं ते. म्हणून नुसतं व्हेज सांगून भागत नाही, मालु एपा, उंबलकड एपा असं म्हणायचं, एपा म्हणजे नको. घरगुती होमस्टे घ्या, आदल्या दिवशी सांगितलं की त्या मावश्या वेगळं करून देतात, माझा अनुभव फार चांगला आहे. सकाळी इडियप्पा म्हणजे आपल्या शेवयांसारखं आणि आप्पे नाहीत पण आप्पा, तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचा वाटीसारखा डोसा, बाबांना नक्की आवडेल. केशरी रंगाचं शहाळं मिळतं, थंबिली, ते रोज प्या. चहाला तर प्रश्नच नाही. बरोबर मेतकूट, भाजणी आणि थोडी शेंगदाण्याची चटणी असू द्या.

दिवसभराचं म्हणाल तर तुमचं सर्फिंग सकाळी दोन तास आणि वाटलं तर दुपारी चारनंतर, मधे ऊन असतं, म्हणजे अर्धा दिवस मोकळाच. वेलिगामा स्टेशनवरून लोकल गाडीनं गॉलला जा, तिथला किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डचांनी मोठा केला, 1988 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि आत आजही लोक राहतात, शाळा आहेत, कोर्ट आहे. तटावरून संध्याकाळी चाललं की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गाव. अजिंक्यतारा, वसंतगड बघत मोठ्या झालेल्या माणसांना किल्ल्यात नांदतं गाव बघून वेगळंच वाटतं. वेलिगामातच कुष्टराजगल म्हणून दगडात कोरलेली मोठी बोधिसत्त्वाची मूर्ती आहे, एक राजा नुसता नारळ खाऊन त्वचारोगातून बरा झाला अशी तिथली आख्यायिका, आईंना ती गोष्ट तिथं उभं राहून सांगा. शेजारच्या मिरिस्साहून डिसेंबर ते एप्रिलमध्ये निळे देवमासे बघायला बोटी जातात, पण बोट हलते, त्यांना गाडी लागत असेल तर नेऊ नका.

देवळात गुडघे आणि खांदे झाकलेले, बुद्धाकडं पाठ करून फोटो काढायचा नाही, हे तिथं मनापासून पाळतात. पौर्णिमेला पोया असतो, सार्वजनिक सुट्टी, त्या दिवशी दारू मिळत नाही आणि बरीच दुकानं बंद असतात, कॅलेंडर बघून ठेवा.

प्रवास असा करा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई, तिथून कोलंबोचं विमान अडीच तासांचं. घड्याळ बदलायला लागत नाही, त्यांची आणि आपली वेळ एकच. पासपोर्टची मुदत सहा महिने पुढची हवी, प्रवेशाची परवानगी म्हणजे ईटीए ऑनलाइन काढायची, ती सरकारी साइटवरूनच काढा, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे घेतात. विमा घेताना सर्फिंगची दुखापत त्यात धरलीय का ते वाचून घ्या. विमानतळावरून वेलिगामाला एक्स्प्रेसवेनं टॅक्सी अडीच-तीन तास, पण आई-बाबांना एका बाजूनं तरी कोलंबो फोर्टवरून रेल्वेनं न्या, रूळ कितीतरी वेळ समुद्राच्या इतके कडेनं जातात की खिडकीत पाण्याचे तुषार येतील असं वाटतं. त्याच वाटेवर पेरेलिया लागतं, जिथं 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीत भरलेली गाडी सापडली आणि हजारांहून जास्त माणसं गेली. मी गेले तेव्हा डब्यातल्या एका आजीनं तिथं हात जोडले, तिच्याबरोबर मीही जोडले. बाबांना समुद्राच्या बाजूची सीट द्या, म्हणजे कोलंबोहून जाताना उजवीकडची.